नवजात बालकाची पहिली शी व सिस्टिक फायब्रोसिस

‘बाळाने शी केली काय?’ वलगाव परिसरात बाळंतिणीच्या खोलीत शिरताच अनुभवी आजीबाई हा प्रश्न विचारतात. वैद्यकीय दृष्टीनेही तो मोलाचा आहे. पूर्ण दिवसांची बहुतेक निरोगी बालके २४ तासांत काळी शी करतात. ती झाली नाही, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर घुटी वा एरंडेल पाजून वाट पाहू नये. बालशल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात बालकास त्याच दिवशी हलवावे, असा आमचा आग्रह आहे.

अशा अडथळ्याचे एक कारण म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक विकार. यात शरीरातील स्राव चिकट होतात. गर्भावस्थेतच काळी शी डिंकासारखी घट्ट होऊन लहान आतड्याच्या शेवटी अडकते; वापराविना मोठे आतडे बारीक राहते. क्वचित आतडे जन्मापूर्वीच फुटते. रक्तगटांचे शोधक कार्ल लँडस्टायनर यांनीच १९०५ साली या अडथळ्याचा स्वादुपिंडाच्या बिघाडाशी असलेला संबंध नोंदविला. सदोष जनुक सापडण्यास मात्र १९८९ साल उजाडले. या विकाराच्या दर १०० बालकांपैकी सुमारे १५ ते २० बालकांत तो असा जन्मतःच प्रकट होतो. सोनोग्राफीत गर्भाचे आतडे हाडाइतके पांढरे दिसल्यास पुढील तपासण्या कराव्यात. तथापि अशी बहुसंख्य बालके निरोगीच असतात.

आतडे फुटलेले नसल्यास विशिष्ट द्रावणाच्या एनिमाने काहींचा अडथळा सुटतो. अन्यथा शस्त्रक्रिया करावी लागते. मूळ विकार त्याने जात नाही. घामातील क्लोराईड तपासून निदान झाल्यावर अशा बहुतेक मुलांना प्रत्येक जेवणासोबत पाचक द्रव्यांचे औषध आयुष्यभर घ्यावे लागते. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाचा, औषधाचा दरमहाचा. मदतीचा विचार करताना देणगीदारांनी हे ध्यानी घ्यावे, ही विनंती.

पुढेही आतडे पुन्हा तुंबू शकते. पोटात उजवीकडे खाली कळ येते, गोळा लागतो आणि अपेंडिक्सचा संशय येतो. या मुलांच्या घामातून मीठ फार जाते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना पाणी व मीठ अधिक द्यावे. उपासतापास या मुलांसाठी नाहीत.

घरोघरी दोष आईच्या माथी मारला जातो, तो सर्वस्वी चुकीचा. सदोष जनुक माता व पिता दोघांकडूनही आलेले असते. प्रत्येक गरोदरपणी धोका चारांत एक असतो आणि आते-मामे भावंडांच्या विवाहात अशी जोडी जुळण्याची शक्यता वाढते. म्हणून पुढील गर्भधारणेपूर्वीच उभयतांनी जनुकीय सल्ला घ्यावा.