संचालन प्रणाली बदलताना मराठी दप्तराची काळजी

शिरूर कासार हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. अशा ठिकाणच्या कचेऱ्यांत, शाळांत व ग्रामपंचायतींत संगणक चालू आहे तोवर तो बदलण्याचा विचार सहसा होत नाही. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संचालन प्रणालीचा नियमित आधार थांबविला. सुरक्षिततेच्या सुधारणा मिळेनाशा झाल्या, की इंटरनेटला जोडलेले यंत्र दिवसेंदिवस धोक्याचे होत जाते. विंडोज ११ घ्यावी, तर किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय तर लागतेच, शिवाय प्रोसेसरही मान्य यादीतील असावा लागतो. जुन्या यंत्रांपैकी अनेक येथेच अडतात. त्यांच्यासाठी लिनक्स कुळातील विनामूल्य प्रणालींचा मार्ग खुला आहे. सी-डॅक या भारत सरकारच्या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही त्यांपैकीच एक होय.

यंत्र बदलणे सोपे. खरी कसोटी लागते ती त्यातील मराठी मजकुराची. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नसला, की कर आकारणीचा नमुना ८ असो वा शाळेच्या जनरल रजिस्टरची यादी, सारे अगम्य होऊन बसते. फॉन्ट सोबत नेला, तर मजकूर दिसेल. पण त्यात एखाद्या खातेदाराचे नाव शोधता येणार नाही. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक आहे. त्यामुळे फॉन्ट बदलला तरी अक्षर बदलत नाही.

मजकूर कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखण्याची रीत अगदी साधी आहे. दोन ओळींची नक्कल करून ती नोटपॅडमध्ये उतरवावी. मराठी तशीच राहिली, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला, तर तो जुन्या फॉन्टातील समजावा. अशा मजकुराचे रूपांतर जुना संगणक चालू असतानाच करून घ्यावे. कारण मूळ प्रत समोर ठेवून पडताळणी तेथेच करता येते. ही पडताळणी डोळ्यांत तेल घालून करावी लागते. कऱ्हाड, तऱ्हा यांसारख्या शब्दांतील अर्धा र, जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी येथे चुका होतात. मजकुरात मधेच इंग्रजी शब्द वा ई-मेल पत्ता असल्यास रूपांतरात त्याचीही विचित्र देवनागरी होते. विद्यार्थ्याच्या दाखल्यावरील नावात एका काना-मात्रेचा फरक पडला, तरी पुढे त्या कुटुंबाला दुरुस्तीसाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही.

टंकलेखनाचाही प्रश्न येतो. जुन्या मराठी टंकयंत्राच्या कळपाटाची सवय असलेल्यांना तीच मांडणी नव्या प्रणालीत मिळेलच असे नाही. त्यापेक्षा इन्स्क्रिप्ट शिकून घेणे श्रेयस्कर. १९८६ साली प्रमाणित झालेली ही मांडणी विंडोज व लिनक्स दोन्हींत उपलब्ध आहे. डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने, अशी तिची रचना आहे. के या कळीवर क, आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की ख. ‘ऱ्य’ उमटविण्यासाठी शिफ्टसह जे, मग डी आणि शेवटी य, असा क्रम आहे. सरावास काही आठवडे लागतात. एकदा हात बसला, की तो पुढे कोणत्याही यंत्रावर चालतो.

लिनक्स प्रथम पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. त्यासाठी मूळ डिस्कला हात लावावा लागत नाही. या चाचणीत छपाईयंत्र व स्कॅनर चालतात का, हे पाहावे. ग्रामपंचायतींनी डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनकडे विशेष लक्ष द्यावे. ई-ग्रामस्वराजवरील देयके त्यावर अवलंबून असतात आणि टोकनला लागणारी आज्ञावली नव्या प्रणालीसाठी मिळाली नाही, तर व्यवहार अडून राहील. अशा कामासाठी एक संगणक वेगळा ठेवणे शहाणपणाचे. एक्सेलमध्ये मॅक्रो वापरून केलेले तक्तेही लिबरऑफिसमध्ये जसेच्या तसे चालतील, असे गृहीत धरू नये.

काही फरक किरकोळ, पण गोंधळात टाकणारे आहेत. लिनक्समध्ये सी, डी अशी ड्राइव्हची नावे नसतात. वापरणाऱ्याचे सारे काम ‘होम’ या फोल्डरमध्ये राहते. फाइलच्या इंग्रजी नावातील लहान व मोठी लिपी तेथे भिन्न मानली जाते, म्हणून एकाच नावाच्या दोन फाइली तयार होऊ शकतात. नक्कल करणे, उतरविणे, जतन करणे यांच्या कळी मात्र बहुतांशी पूर्वीच्याच आहेत.

बदलापूर्वी सर्व दप्तराच्या दोन प्रती निरनिराळ्या साधनांवर घ्याव्यात आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. जुनी डिस्क लगेच पुसू नये. त्या वर्षाचे लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत ती कपाटात राहू द्यावी.