गिझर विजेचा की गॅसचा? आधी हिशेब करा

कापडाच्या दुकानात नवा गुमास्ता एक चूक हमखास करतो. दोन तागे समोर ठेवून तो मीटरचा भाव पाहतो, पन्हा पाहत नाही. ३६ इंची आणि ५८ इंची कापडाचे भाव नुसते शेजारी ठेवून काहीच कळत नाही. विजेचे युनिट आणि पाइप गॅसचे घनमीटर यांतही पन्ह्याचाच फरक आहे. मुंबई-ठाण्यात महानगर गॅसची व पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅसची जोडणी अनेक वस्त्यांत पोहोचली आहे. तरी चुलीला गॅस आणि न्हाणीघरात विजेचा गिझर, अशी पुष्कळ घरांची रीत आहे.

एका युनिटात ८६० किलोकॅलरी उष्णता असते. एक घनमीटर नैसर्गिक वायूत सुमारे ८५००. गॅस गिझरमध्ये त्यातली वीसेक टक्के धुरावाटे निघून जाते, पाण्याला ६८०० मिळतात. म्हणजे एक घनमीटर साधारण आठ युनिटांच्या तोडीचा. गॅस बिलावरचा घनमीटरचा भाव, करांसह, आठाने भागा. येणारा आकडा विजेच्या युनिटापेक्षा कमी असेल तर गॅस स्वस्त.

सहा माणसांचे घर धरू. हिवाळ्यात फजरचे वजू, मुलांच्या अंघोळी, जुम्म्याचे गुसल, सगळे मिळून रोज २० लिटरच्या आठ बादल्या. पाणी २५ अंशांनी तापवायला बादलीमागे ५०० किलोकॅलरी लागतात. महिन्याला विजेचे १४० युनिट, किंवा सुमारे १८ घनमीटर गॅस. टाकीचा गिझर दिवसभर चालू ठेवण्याची सवय असेल तर युनिट याहून वाढतात.

इथे एक बारकावा आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिल्या १०० युनिटांना एक दर, ३०० पर्यंत दुसरा, पुढे आणखी चढता. गिझर बंद केला की सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातले युनिट आधी कमी होतात. म्हणून तुलना सरासरी दराशी न करता बिलातील शेवटच्या टप्प्याच्या दराशी करावी. ज्यांचे बिल मुळातच १०० युनिटांच्या आसपास आहे त्यांना फायदा फारच थोडा, नव्या गिझरचे पैसे वसूल व्हायला वर्षे लागतील.

आता जिवाची बाब. माझ्याकडे आलेला कारागीर म्हणाला, "हाजीसाहेब, न्हाणीघरातच बसवतो, पाइप कमी लागेल." मी नकार दिला. बंद खोलीत गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळतीचा वास येतो, कारण गॅसमध्ये वासाचे द्रव्य मिसळलेले असते. या विषारी वायूला मात्र वासच नाही. माणसाला चक्कर येते आणि दाराची कडी काढायचेही भान राहत नाही. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत हवा. धूर नळीने बाहेर जायला हवा. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, म्हणून झरोका वरच्या बाजूला असावा. सिलिंडरचा वायू जड, तो जमिनीलगत साचतो.

सिलिंडरवरचा जुना गिझर तसाच पाइपला जोडू नये. सिलिंडरच्या उपकरणाला ३० मिलिबार दाब लागतो, पाइप गॅसचा २१. जेट बदलावे लागते आणि तेही कंपनीच्या माणसाकडून. वरच्या मजल्यावर, टाकी अगदी डोक्यावर असेल तर पाण्याचा दाब अपुरा पडून काही गिझर पेटतच नाहीत. खरेदीआधी विचारून घ्या. बॅटरीवर पेटणारा गिझर वीज गेली तरी चालतो, ही जमेची बाजू.

ज्यांचे घर तेच कारखाना आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. घरगुती जोडणीवर रंगाची कढई किंवा इस्त्रीचा बॉयलर चालवता येत नाही. व्यापारी जोडणी वेगळी, तिचा दरही वेगळा. अर्जावर सही करताना आपण तसा करार केलेला असतो. धंद्याची जोडणी हवी असेल तर तिचा अर्ज स्वतंत्र करावा आणि आठाचा तोच भागाकार धंद्याच्या वीजदराशी पुन्हा करून पाहावा.