गणपतीत येणारी हार्डडिस्क

१. देणाऱ्याचा वेळ मोजायला शिका.
आमच्या वाडीतला एक दादा गणपतीला मुंबईहून यायचा, तेव्हा त्याच्या बॅगेत खाऊच्या पुड्यांखाली टॉवेलात गुंडाळलेली हार्डडिस्क असायची. तिच्यात वर्षभर जमवलेले ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका. रत्नागिरीचा पाऊस, त्यात लाइट जायची आणि अर्ध्यावर आलेली कॉपी फुकट जायची. दादा आरती सोडून यायचा नाही, पण आरती झाली की ओल्या पायांनी येऊन पुन्हा लावून द्यायचा. सुट्टी मोजून पाच दिवसांची. त्यातली एक रात्र तो आम्हा पोरांना देत होता, हे मला फार उशिरा कळलं.

२. एकदा स्वतः करून बघा.
आजीला दाखवायचं म्हणून मी ‘बाराकामोन’च्या पहिल्या भागाला मराठी सबटायटल्स करायला घेतली. ही २०१४ सालची, १२ भागांची मालिका. रागाच्या भरात एका वयस्कर माणसावर हात उचलणाऱ्या तरुण सुलेखनकाराला त्याचे वडील गोतो बेटावर धाडतात. समुद्र, आगाऊ पोरं, न विचारता घरात शिरणारे शेजारी. आजीला परकं काहीच वाटणार नव्हतं. एजिसब हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेतला. भाग जेमतेम २४ मिनिटांचा, पण मला ११ रात्री लागल्या. वाक्य तोंडाबरोबर उमटलं पाहिजे आणि आजीचं वाचून होईपर्यंत टिकलंही पाहिजे. जोडाक्षरं फुटायची, फॉन्ट बदलावा लागायचा. गावकऱ्यांच्या तोंडी संगमेश्वरी बोली घातली, तेव्हा कुठे ती माणसं बोलायला लागली.

मला जपानी येत नाही. पण घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्तेकिमासु’ म्हणतो, त्यात ‘जाऊन येतो’ असा अर्थ आहे, हे मला ठाऊक होतं. फार पूर्वी एका मालिकेत कुणा अनोळखी भाषांतरकाराने पडद्याच्या वरच्या कडेला बारीक अक्षरात तशी टीप दिली होती. आपणही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो! त्या एका टिपेने जपान मला आमच्या ओटीवर आणून बसवला.

३. शेवटची नावं पळवू नका.
चाहत्यांनी फुकट केलेल्या सबटायटल्समागे अनेक हात असतात: भाषांतर एकाचं, वेळ जुळवणं दुसऱ्याचं, पाट्यांवरची अक्षरं तिसऱ्याची, चुका काढणं चौथ्याचं. नावं बहुतेक टोपणच. तरी वाचा.

४. फुकट मिळालेलं विकू नका.
अमेरिकेत १९८०-९०च्या दशकांत ॲनिमेचे चाहते व्हीएचएस टेपवर सबटायटल्स घालून पाठवत. अनेक जण कोऱ्या टेपचा आणि टपालाचा खर्च तेवढा घेत, आणि टेपवर ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहीत. चाहत्यांचं असंच काम सीडीवर उतरवून एका दुकानात विकताना मी पाहिलंय. अजून संताप होतो. मालिका रीतसर मिळू लागली की मी पैसे भरून बघतो. चित्रं काढणाऱ्यांचेही हात दुखतात.

५. आभार नेमके माना.
नुसतं ‘थँक्यू’ नको. कुठली ओळ आवडली ते सांगा. गेल्या गणपतीत मी दादाला त्या पावसातल्या रात्रीची आठवण सांगितली. तो काही बोलला नाही. हार्डडिस्क पुढे केली आणि म्हणाला, “तुझी ती मराठी फाइल टाक हिच्यात. आमच्या चाळीतल्या पोरांना दाखवतो.”

आजी रोज विचारते, ‘बाराकामोन’मधल्या त्या आगाऊ पोरीचं, नारूचं, पुढे काय झालं. दुसरा भाग निम्मा झालाय.