मागे ठेवायचे अन्नदान

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या सप्ताहात गुरुचरित्राचा अडतिसावा अध्याय आला की मला आमच्या शाखेतल्या एक आजी आठवतात. त्या अध्यायात भास्कर ब्राह्मण तीन माणसांचा शिधा घेऊन येतो आणि श्रीगुरूंच्या कृपेने त्यातच हजारो जेवतात. आजींनाही आपल्यामागे थोडे अन्नदान घडावे असे वाटायचे. ठेव पावती नवी करायला आल्या की म्हणायच्या, "माझ्यानंतर हे दत्ताच्या अन्नदानाला हो." मी फॉर्म बघितला. भाच्याचे नॉमिनेशन होते. म्हटलं, "आजी, नॉमिनेशन आहे, काळजी नको."

आजी गेल्या. भाच्याने कागद दिले, पैसे घेतले. तो लबाड नव्हता. मावशी त्याला कधी बोललीच नव्हती, आणि मृत्युपत्र नव्हते. देवळात एक पैसा आला नाही. "आजी, मृत्युपत्र करा," एवढे एक वाक्य मी सांगायला हवे होते. ते राहिले, म्हणून हा लेख.

१) नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यावेत, एवढेच नॉमिनेशनने ठरते. ते पैसे शेवटी कोणाचे, हे मृत्युपत्राने ठरते. ते नसेल तर वारसाहक्काने. म्हणून दोन्ही करा, आणि नॉमिनीला आपली इच्छा सांगून ठेवा.

२) "धर्मकार्याला द्यावे" असे मोघम लिहू नका. मुंबई इलाख्यातल्या एका दाव्यात 'धरम' एवढ्याच शब्दाने ठेवलेले दान फार मोघम म्हणून प्रिव्ही कौन्सिलने १८९९ साली रद्द ठरवले. 'दत्तमंदिर' एवढेही पुरत नाही. एका तालुक्यात दहा दत्तमंदिरे निघतील. संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि अन्नदान, गोशाळा की विद्यार्थी साहाय्य, हा हेतू लिहा. ती संस्था उद्या बंद पडली तर पैसे कुठे द्यावेत, तेही लिहा.

३) ठेव पावतीचा नंबर घालू नका. हा माझा काउंटरवरचा अनुभव. पावती मोडली किंवा बदलली की वाद सुरू होतो. त्यापेक्षा ठरावीक रक्कम किंवा शिल्लक ठेवींचा ठरावीक हिस्सा लिहावा.

४) सही आणि साक्षीदार. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. त्यांच्यादेखत आपण सही करावी आणि त्यांनी आपल्यादेखत. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना किंवा देवस्थानच्या विश्वस्तांना साक्षीला घेऊ नये. उगाच संशय नको. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वय झाले असेल तर शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. अंमलबजावणी करणाऱ्याचे नावही लिहावे, शक्यतो आपल्याहून लहान माणसाचे.

५) स्वतःचे तेवढेच द्या. स्वकष्टाची मिळकत आपण कोणालाही देऊ शकतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत फक्त आपला हिस्सा. तिथे वकिलाला विचारल्याशिवाय लिहू नये.

मी स्वतःचे मृत्युपत्र करायला बसलो तेव्हा सौ. म्हणाली, "आधी माझं नि पोरीचं बघा, मग देवाचं." बरोबरच बोलली. घरच्यांना उघड्यावर टाकून केलेले अन्नदान महाराजांना कसे रुचेल? घर तिला लिहिले, बाकीचे दोघींना, आणि ठेवींचा विसावा हिस्सा अन्नदानाला. मुलीला समोर बसवून वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, आता मला माहीत आहे." तेवढ्याने जीव हलका झाला.

पुष्कळांना वाटते, मृत्युपत्र केले की मरण जवळ येते. तसे काही नसते. जिवंत आणि शुद्धीवर असेपर्यंत ते कितीदाही बदलता येते. शेवटचे केलेले खरे. रक्कम लहान म्हणून लाजू नये. भास्कराचाही शिधा तिघांचाच होता, पण तो त्याने आणून ठेवला होता. आजींचा मनातच राहिला.

या पौर्णिमेला प्रसाद घेऊन घरी गेलात की एक कोरा कागद काढा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!