चूक आणि इशारा

पूल, शाळा, पाण्याची टाकी बांधायची तर आधी हिशेब करावा लागतो. खांब किती जाड हवा? सळई किती घालायची? पूर्वी इंजिनियर हा हिशेब कागदावर करीत. आता संगणकावर करतात. हिशेब करताना संगणक दोन तऱ्हेचे निरोप देतो. एक 'एरर', म्हणजे चूक. दुसरा 'वॉर्निंग', म्हणजे इशारा. दोन्हींत फरक काय?

आम्ही पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. पोराने गणितातला आकडाच लिहिला नाही, तर आम्ही पाटी परत देत असू. पण उत्तर आले, "बैल एका दिवसात २०० कोस चालला", तर? आम्ही खाली रेघ ओढून म्हणत असू, "पुन्हा बघ रे बाबा!" पहिली ती चूक. दुसरा तो इशारा.

स्टॅड नावाचा प्रोग्रॅम आपल्याकडचे बरेच इंजिनियर वापरतात. त्यात तुळईचे माप द्यायचे राहिले, की काम अडते. माप दिल्याशिवाय उत्तर मिळत नाही. ही चूक झाली. ती लपून राहत नाही.

पण समजा, एखादा सांधा नीट बांधलाच नाही, मोकळा राहिला. मग स्टॅड इशारा लिहितो. त्या जागी आपल्या मनाने एक दुबळी स्प्रिंग धरतो आणि हिशेब पुरा करतो. उत्तर छापून येते. पण ती स्प्रिंग फक्त हिशेबात असते. खऱ्या इमारतीत ती कोण लावणार?

सगळेच इशारे धोक्याचे नसतात. काही नुसती माहिती देतात. पण कोणता कसला, हे वाचल्याशिवाय कसे कळणार?

कधी कधी यंत्र गप्प बसते आणि इशारा बाहेरून येतो. अमेरिकेत हार्टफर्ड शहरी खेळांचे एक मोठे सभागृह होते. त्याच्या छपराचा हिशेब संगणकावर केला होता. छप्पर उभारताना ते हिशेबाच्या दुप्पट वाकलेले दिसले. इंजिनियरांना तसे सांगितले. एवढा फरक चालायचाच, असे त्यांचे म्हणणे पडले. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे, बर्फ साचलेले असताना, ते छप्पर कोसळले. आदल्या रात्री तिथे सुमारे ५,००० माणसे खेळ पाहत होती. पहाटे आत कोणी नव्हते, म्हणून जीव वाचले. चौकशीत कळले, की छपराच्या दांड्यांना जिथे पक्का आधार धरला होता, तिथे तो पुरेसा नव्हता.

गावात टाकी किंवा शाळा व्हायची असेल, तर इंजिनियरसाहेबांना विचारा, "साहेब, हिशेबात काही इशारे आले होते का? ते पाहिलेत का?" असे विचारण्यात संकोच कसला? त्या छपराखाली आपलीच पोरे बसणार आहेत.

सांगा पाहू :
१. चूक झाली तर काम अडते. इशारा आला तर काय होते?
२. हार्टफर्डच्या छपराने कोणता इशारा दिला होता?