लोखंड थकते तेव्हा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी रायपूरला घरी गेलो होतो. आमचे घर बूढ़ापाऱ्यात, तलावापासून पाच मिनिटांवर. एका संध्याकाळी धाकट्या बहिणीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून मी तलावाला चक्कर मारायला निघालो. रस्ता सरळ होता, खड्डा नव्हता, वेगही बेताचाच. अचानक हँडलच्या मागे, खालची नळी जिथे जोडलेली असते, तिथे फ्रेम तुटली. मला नुसते खरचटले. बहिणीच्या हनुवटीला तीन टाके पडले.

बाबांनी एकच विचारले, "आधी काही दिसलं नव्हतं का?"

दिसले होते. त्या सांध्याला केसाएवढी तांबूस रेघ मी चार दिवस आधीच पाहिली होती. रंग उडाला असेल, असे समजून सोडून दिली.

वेल्डिंगवाल्या भैयांनी तुटलेल्या जागी जाड थर भरून दिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत सायकल पुन्हा तुटली. या वेळी मी एकटाच होतो. गंमत अशी, की ती नव्या वेल्डिंगमध्ये तुटली नाही, त्याच्या अगदी काठाला तुटली. तो तुकडा मी शाळेत आणून भौतिकशास्त्राच्या सरांना दाखवला. त्यांनी जे समजावले आणि नंतर ग्रंथालयात जे वाचले, ते येथे मांडतो.

आधी एक प्रयोग करा. कागदाला लावायची क्लिप सरळ करून पूर्ण मागेपुढे वाकवा आणि किती वेळा वाकवल्यावर तुटते ते मोजा. माझ्या क्लिपा ९ ते १३ वेळांत तुटल्या. मग दुसरी क्लिप थोडीशीच वाकवत राहा. माझ्या ३० च्या पुढे गेल्या, पण शेवटी तुटल्याच. एका वेळच्या भाराला जो धातू दाद देत नाही, तो लहान भार पुन्हा पुन्हा आला की तुटतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. आपला थकवा झोपेने जातो. धातूचा जात नाही, साठत जातो.

हा प्रश्न प्रथम रेल्वेने जगासमोर आणला. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि अनेक प्रवासी मरण पावले. पुढे ऑगस्ट वोलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या. फिरणाऱ्या आसाच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. मालगाडीचे नवे चाक सुमारे १ मीटर व्यासाचे असते, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ३१८ फेरे. रायपूर ते नागपूर सुमारे ३०० किलोमीटर धरले, तर एका खेपेत ९५ हजार फेरे होतात. अकरा खेपांत दहा लाख ओलांडतात!

वोलरला दिसले, की सर्वांत मोठा भार किती, यापेक्षा ताणाचा चढउतार किती, याला जास्त महत्त्व आहे. चढउतार कमी केला की आयुष्य वाढते. पोलादाच्या गुळगुळीत दांड्याला तर अशी एक मर्यादा सापडते, की तिच्या खाली कितीही फेरे झाले तरी तो तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते.

मग वेल्डिंगच्या काठालाच का तुटते? कापडवाला आधी कात्रीने लहानशी चीर देतो आणि मग कापड हाताने सरळ फाडतो. वेल्डिंगचा थर जिथे मूळ धातूला मिळतो, तिथे अशीच बारीक खाच असते आणि ताण तिथे गोळा होतो. शिवाय वितळलेला धातू थंड होताना आकसतो. त्यामुळे बाहेरचा भार नसतानाही सांध्यात ताण अडकून राहतो. म्हणून नुसता जाड थर भरल्याने किंवा जास्त मजबूत पोलाद वापरल्याने वेल्ड केलेल्या सांध्याचे थकव्यापुढचे बळ फारसे वाढत नाही. तडा मुळापर्यंत घासून काढावा लागतो, मग वेल्डिंग करावे लागते आणि काठ घासून गुळगुळीत करावा लागतो. अशा सांध्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: ताणाचा चढउतार दुप्पट झाला, तर आयुष्य एक-अष्टमांश होते. कॅरिअरवर माणूस बसवताना मला हा हिशेब माहीत नव्हता.

सरांनी भिंगातून तुटलेला भाग दाखवला. बराचसा भाग काळपट, गुळगुळीत होता आणि त्यावर उन्हाळ्यात तलावाचे पाणी उतरताना घाटावर उमटतात तशा रेघा होत्या. तिथे तडा हळूहळू पुढे सरकला होता. उरलेली पट्टी खरखरीत आणि चकचकीत होती. सायकल एका क्षणात तुटली ती फक्त तेवढ्या पट्टीत.

२७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर कीलँड' हा नॉर्वेचा तरंगता मंच उलटला आणि १२३ माणसे गेली. सुरुवात झाली होती एका लहान उपकरणाच्या आधारासाठी केलेल्या ६ मिलिमीटरच्या वेल्डिंगमधून. तपासात त्या तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे मंच रंगवला तेव्हाच तडा तिथे होता.

आमच्या घराजवळचे उदाहरणही आहे. भिलाईच्या कारखान्यात रूळ तयार होतात आणि ते वेल्ड करून लांब जोडले जातात. प्रत्येक चाकाखाली रूळ किंचित वाकतो. म्हणून रुळांची व सांध्यांची तपासणी ध्वनिलहरींनी करतात, आणि कीमॅन रोज रुळावरून पायी चालत पाहणी करतो. थंडीच्या रात्री रूळ आकसतो, जुना तडा उघडतो, म्हणून तेव्हा गस्त वाढवतात.

या सत्रात अडथळ्यांच्या मैदानावर एका लोखंडी खांबाच्या सांध्याला मला तशीच तांबूस रेघ दिसली. मी उस्तादांना सांगितले. त्यांनी त्या अडथळ्यावरचा सराव थांबवला, सांधा पुसून रॉकेल लावले, पुन्हा कोरडा पुसला आणि वर खडूची पूड टाकली. तडा असता, तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येऊन पुडीवर ओली रेघ उठली असती. उठली नाही. फक्त रंगच उडाला होता. माझी तुकडी मला दोन दिवस 'इंजिनिअर साहेब' म्हणून चिडवत होती. उस्ताद एवढेच म्हणाले, "अगली बार भी बताना."

तेव्हा मित्रांनो, सायकल, पुलअपचा बार, पलंगाचा पाय, जे रोज भार घेते त्याचे सांधे महिन्यातून एकदा पुसून पाहा. रेघ दिसली तर वापर थांबवा आणि सांगा.

ती फ्रेम आम्ही भंगारात दिली. आता घरी नवी सायकल आहे. बहीण अजून माझ्या मागे बसते, पण बसण्याआधी स्वतः वाकून हँडलमागच्या सांध्यावर बोट फिरवते. मी तोवर थांबतो.