दारची जास्वंद आणि रानातली कपाशी

परभणी, पाथरी, मानवत, सेलू या बाजूच्या गावांतून फिरताना पुष्कळ घरांच्या दारी जास्वंदीचे एखादे झुडूप दृष्टीस पडते. परंतु निरोगी व फुलांनी लवलेले असे त्यांत थोडेच. कोठे पाने पिवळी पडलेली, कोठे कळ्या उमलण्यापूर्वीच गळालेल्या, तर कोठे शेंड्यावर कापसासारखा पांढरा पुंजका बसलेला. घरधन्यास विचारावे, तर तो म्हणतो, "आमच्या काळ्या मातीत फुलझाड येत नाही." हे म्हणणे अगदीच खोटे नव्हे, तथापि दोष मातीचा थोडा व आपल्या हातांचा अधिक असतो, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

प्रथम या झुडपाचे कुळ ओळखावे. श्रावण-भाद्रपदात जास्वंद, भेंडी व कपाशी ही तिन्ही एकाच वेळी फुलतात. तिघींचे एकेक फूल तोडून मुलांस शेजारी शेजारी ठेवावयास सांगावे. तिन्हींस पाच पाकळ्या; तिन्हींत पुंकेसर सुटे नसून त्यांची एक नळी झालेली व तिच्या पोटातून स्त्रीकेसर वर निघालेला. जास्वंदीची नळी लांब असून फुलाबाहेर डोकावते, इतर दोघींची आखूड, एवढाच काय तो भेद. आपल्या भाकरीबरोबरची अंबाडीही याच घराण्यातली. लिनिअस नामक स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली जास्वंदीचे जे लॅटिन नाव छापले, त्याचा अर्थ 'चीन देशाचा गुलाब' असा होतो. परंतु गुलाबाशी तिचे काहीएक नाते नाही. जेथे घराबाहेर पाऊल टाकताच कपाशीचे रान लागते, तेथे हे नाते पक्के ध्यानात धरणे अगत्याचे आहे. का, ते पुढे येईल.

आता लागवडीविषयी. दारच्या जास्वंदीस बी बहुधा धरत नाही. यास्तव ती छाट लावूनच वाढवितात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, कोवळी नव्हे व अगदी जुनीही नव्हे अशी फांदी वीतभर घ्यावी, डोळ्याच्या किंचित खाली धारदार चाकूने कापावी, खालची पाने काढून वरची दोन-तीन मात्र राखावी, व ती पाने मोठी असल्यास अर्धी कापून टाकावी. वाळू व माती सारखी मिसळून त्यात दोन डोळे गाडले जातील अशी ती सावलीत रोवावी. पाऊस सुरू होऊन हवा ओलसर झाली म्हणजे हे काम करावे. वैशाखात करू नये. चार ते सहा आठवड्यांत मुळ्या फुटतात. फांदी धरली की नाही हे पाहण्यासाठी ती रोज उपटून पाहण्याची मुलांस फार हौस असते, तेवढी आवरावी.

रोप तयार झाल्यावर ते कोठे व कसे लावावे, यात बहुतेकांची चूक होते. माझीही झाली. काही वर्षांपूर्वी मी घरापुढे दोन-दोन फूट खोल असे तीन खड्डे मोठ्या हौसेने खणले, त्यांत भुसभुशीत माती व शेणखत भरले आणि तीन रोपे लावली. श्रावणापर्यंत ती जोमाने वाढली. पुढे आठ दिवस झड लागली, आणि पाने माना टाकू लागली. मला वाटले, झाडास तहान लागली आहे. म्हणून झड उघडताच मी तांब्या-तांब्याने आणखी पाणी घातले. पंधरवड्यात तिन्ही गेली. उपटून पाहिली तो मुळ्या काळ्या, लिबलिबीत व कुजका वास येत असलेल्या.

याचे कारण असे की, आपली काळी माती फार बारीक चिकण कणांची आहे. भिजली की ती फुगते व पाणी खाली जाऊ देत नाही. वाळली की आकसून तिला भेगा पडतात. अशा जमिनीत खणलेला खड्डा म्हणजे एक वाडगेच होय. भोवतालचे पाणी त्यात येऊन साचते, आतल्या मुळ्यांस हवा मिळत नाही, आणि मुळ्या मेल्या म्हणजे पाण्यात उभे असलेले झाडही तहानेने सुकते. म्हणून पाने माना टाकू लागली तर पाण्याच्या घागरीकडे धाव न घेता प्रथम माती बोटाने उकरावी. दोन बोटे खोल ओल लागली तर पाणी घालू नये. तितक्या खोलीवर माती कोरडी असेल तरच घालावे, व मग ते पोटभर घालावे.

यास्तव काळ्या रानात खोल खड्डा न करता जमिनीच्या वर वीतभर उंच व हात-दोन हात रुंद असा मातीचा ओटा करावा. त्यात एक भाग आपली माती, एक भाग मुरूम किंवा नदीची जाड वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत अथवा लेंडीखत मिसळावे. जागा घराच्या पूर्वेस असेल तर उत्तम. सकाळचे ऊन मिळते व दुपारनंतर भिंतीची सावली पडते. वैशाखात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. तेव्हा सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट चार बोटे जाड अंथरावे, मात्र ते खोडास चिकटू देऊ नये. उन्हाळ्यात एक दिवस भरपूर पाणी व पुढे आठ दिवस विसर, अशाने कळ्या गळतात. थंडीत याच्या उलट. पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो, झाड वाढ थांबवून काही पाने टाकते. त्या वेळी पाणी कमी करावे व घाबरू नये.

पिवळ्या पानांविषयी पुष्कळ जण विचारतात. खालची जुनी पाने सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर झाडास खत हवे आहे. परंतु शेंड्याची नवी पाने पिवळी असून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील, तर ती लोहाची उणीव होय. आपल्या जमिनीत लोह नाही असे नव्हे. चुनखडी असल्यामुळे ते मुळ्यांस मिळत नाही, आणि विहिरीचे जड पाणी त्यात आणखी चुना घालते. त्यावर लोक चुलीतली राख टाकतात. राख स्वभावाने खारी, तिने हे दुखणे वाढते. शिवाय राखेतून जे पालाश मिळावयाचे, ते काळ्या मातीत बहुधा पुरेसे असते. एक लीटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून, त्यात थोडा लिंबाचा रस पिळून, सायंकाळी पानांवर शिंपडावे. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. दरवर्षी शेणखत घालीत गेल्यास ही वेळ सहसा येत नाही.

आता त्या पांढऱ्या पुंजक्याकडे वळू. तो पिठ्या ढेकूण होय. २००५ सालानंतरच्या काही वर्षांत या किडीच्या एका जातीने गुजरात, पंजाब, महाराष्ट्र इत्यादी प्रांतांत कपाशीचे मोठे नुकसान केले. कपाशी निघाली म्हणजे ही कीड मरत नाही. ती जास्वंदीवर, भेंडीवर, गाजरगवतावर व घराशेजारी सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांवर दिवस काढते आणि नवी कपाशी उगवली की पुन्हा रानात जाते. वर जे नाते सांगितले, त्याचा अर्थ येथे कळतो. दारच्या झुडपाची हयगय केली, तर तिचे मोल शेजाऱ्याच्या शेताला द्यावे लागते.

परंतु याहूनही वाईट गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. कपाशीवर फवारून पंपात उरलेले विष संध्याकाळी घरी आणून "वाया कशाला जावे" म्हणून दारच्या जास्वंदीवर मारतात! त्याच झाडाखाली लेकरे खेळतात. त्याचीच फुले घरातील बाया केसांच्या तेलात उकळतात. भाद्रपदात शेजारणी गणपतीसाठी तीच लाल फुले मागून नेतात. २०१७ साली यवतमाळकडे कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. जे विष उघड्या रानात धडधाकट माणसास मारू शकते, ते उंबऱ्यापाशी आणणे हा शुद्ध अविचार होय.

आणि त्याची गरजही नाही. एकदोन फांद्यांवर कीड असेल तर त्या कापून जाळाव्या. अधिक असेल तर साध्या धुण्याच्या वडीचा ५ ग्रॅम साबण एक लीटर पाण्यात विरघळवून पुंजक्यांवर जोराने मारावा व जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने ते घासून काढावे. धुण्याची पूड वापरू नये, पाने करपतात. त्यानंतर ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर एक लीटर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून, आठ-आठ दिवसांनी दोन-तीन वेळा शिंपडावी. मुंग्यांची रांग दिसल्यास तिचे मूळ शोधावे, कारण किडीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या तिची राखण करतात व तिला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात.

घासण्यापूर्वी मात्र नीट पाहावे. पांढऱ्या किडींत काही तांबूस-तपकिरी, कडक व फुगलेल्या दिसल्या तर त्या ठेवाव्या. त्यांच्या पोटी एका अतिसूक्ष्म माशीने अंडे घातलेले असते; तिची पिल्ले किडीस आतून खातात व पुढे शेकडो किडींचा नाश करतात. कपाशीवरील तो उपद्रव पुढे ओसरला, त्यात या माशीचा वाटा मोठा होता. विषाच्या फवाऱ्याने हीच मदतनीस आधी मरते.

छाटणीचे थोडक्यात सांगतो. जास्वंदीस फूल नव्या फुटीवर येते. म्हणून न छाटलेले झाड उंच होते व फुले शेंड्यालाच राहतात. मृगाचा पाऊस पडल्यावर प्रत्येक फांदीचा सुमारे तिसरा हिस्सा कापावा. उन्हाळ्याच्या तोंडी छाटल्यास उघडी पडलेली खोडे भाजतात. कापलेल्या फांद्यांतून निरोगी तेवढ्या निवडून छाटीसाठी शेजारीपाजारी वाटाव्या. परंतु ज्या फांदीच्या बेचक्यात पांढरा ठिपका दिसेल, ती कोणी कितीही मागितली तरी देऊ नये, चुलीत घालावी.